चौक, सोबत आणि भीती : एका निदानाची दीडशे वर्षे

१

कार्ल वेस्टफाल हे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ. १८७१-७२ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तीन रुग्णांच्या हकिकती आहेत. तिघेही पुरुष, तिघांचीही बुद्धी शाबूत. त्यांतला एक व्यापारानिमित्त फिरतीवर असणारा ३२ वर्षांचा गृहस्थ होता. तक्रार अशी, की शहरातला मोठा चौक किंवा निर्मनुष्य रस्ता एकट्याने ओलांडायची वेळ आली की भीतीने अंग कापू लागते, छातीत धडधड सुरू होते, पाऊल पुढे पडत नाही. भीती कशाची, असे विचारले तर सांगता येत नाही. कोणी बरोबर असेल तर मात्र तोच चौक सुखरूप पार होतो. माणूस नसेल तर एखाद्या गाडीच्या आडोशाने चालावे, हातात काठी घ्यावी, किंवा थोडी बिअर वा वाईन घ्यावी, तेवढ्यानेही निभावते.

वेस्टफाल यांनी या अवस्थेला 'अ‍ॅगोराफोबिया' असे नाव दिले. 'अ‍ॅगोरा' म्हणजे प्राचीन ग्रीक नगरातला चौक, जेथे बाजार भरे आणि सभाही भरे. 'फोबोस' म्हणजे भय. त्यांच्या आधी १८७० साली व्हिएन्नाचे मोरिट्स बेनेडिक्ट यांनी अशाच रुग्णांच्या बाबतीत 'चौकातली घेरी' अशा अर्थाचा शब्द वापरला होता. वेस्टफाल यांना तो पटला नाही. त्यांचे रुग्ण घेरीविषयी बोलत नव्हते, भीतीविषयी बोलत होते. रुग्ण स्वतःच्या अनुभवासाठी कोणता शब्द वापरतो याकडे लक्ष देऊन केलेली ही दुरुस्ती आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तिची नोंद घ्यावी असे आम्हाला वाटते.

अवस्था अर्थातच त्याहून जुनी. रॉबर्ट बर्टन यांच्या १६२१ साली निघालेल्या 'द अ‍ॅनाटमी ऑफ मेलँकली' या ग्रंथात, वाटेत मूर्च्छा येईल किंवा मरण येईल या भयाने घरातून एकटा बाहेर न पडणाऱ्या एका माणसाचा उल्लेख आहे. 'पॅनिक' हा शब्द तर थेट पॅन या ग्रीक रानदेवाकडे जातो. निर्जन जागी वाटसरूला एकाएकी, कारणावाचून ग्रासणारी भीती ही त्याची करणी मानली जाई. मराठीतही या अनुभवाला शब्दांची वाण नाही. जीव घाबरा होतो, दरदरून घाम सुटतो, हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात गोळा येतो. ज्याला शब्द आहेत तो अनुभव समाजाने पाहिलेला असतो, असे म्हणायला हरकत नाही. मात्र अनुभव ठाऊक असणे आणि त्यातला आजार ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडायला एवढा काळ का लागला, आणि कित्येकांच्या बाबतीत ती आजही का घडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

बर्लिन १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्याची राजधानी झाले होते. व्हिएन्नात जुना तट पाडून रिंगस्ट्रासेचा भव्य वर्तुळमार्ग उभा राहत होता. जुन्या गावातल्या अरुंद बोळांऐवजी रुंद रस्ते आणि अफाट चौक, ही नव्या नागर वैभवाची खूण मानली जात होती. तेव्हा या आजाराचा दोष कोणी शहराच्या आराखड्यालाच दिला, तर नवल वाटू नये. व्हिएन्नाचे वास्तुविशारद कामिलो झिट्टे यांनी नगररचनेवरील आपल्या १८८९ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात तेच केले. चौकांची ही नवी भीती अवाढव्य मोकळ्या चौकांमुळे उद्भवली आहे आणि जुन्या, बंदिस्त, घरांनी वेढलेल्या चौकांत माणसाला आपोआप सुरक्षित वाटते, असा त्यांचा सूर आहे.

ही उपपत्ती मोहक आहे. आधुनिक शहर आणि एकाकी माणूस या विषयावर लिहिणाऱ्या समीक्षकांना ती पुढेही मोहवीत राहिली. पण रुग्णांचे म्हणणे तिच्यात मावत नाही. पॅरिसचे आंरी लग्रां द्यु सोल यांनी १८७८ साली या विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि 'अ‍ॅगोराफोबिया' हे नाव फार तोकडे आहे असा आक्षेप घेतला. रुग्ण चौकाला भितात तसे पुलाला, चर्चला, नाट्यगृहालाही भितात. म्हणून त्यांनी 'अवकाशांची भीती' असा व्यापक शब्द सुचवला. वेस्टफाल यांच्या रुग्णांनाही नाट्यगृहात आणि घोड्यांच्या बसगाडीत असाच त्रास होई. मोकळा चौक आणि कोंदट नाट्यगृह यांत समान काय, याचे उत्तर जागेच्या आकारात सापडत नाही. दोन्ही ठिकाणी, काही झाले तर चटकन बाहेर पडता येणार नाही आणि मदत मिळणार नाही, ही धास्ती समान आहे. पण 'काही झाले तर' म्हणजे काय झाले तर? ते 'काही' चौकात नव्हते, रुग्णाच्या शरीरात होते. आणि त्याची नोंद तोवर वैद्यकाच्या दुसऱ्याच दालनात होत होती.

३

वेस्टफाल यांचा निबंध निघाला त्याच सुमारास, १८७१ साली, फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांवर एक लेख प्रसिद्ध केला. तीनशेहून अधिक रुग्ण त्यांनी तपासले होते. धडधड, छातीत दुखणे, धाप, चक्कर अशा तक्रारी. आणि हृदयात मात्र रचनेचा दोष सापडत नाही. दा कोस्टा यांनी याला 'चिडखोर हृदय' म्हटले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असेच हजारो सैनिक आढळले, तेव्हा 'सैनिकी हृदय' हे नाव रूढ झाले. हृदयरोगतज्ज्ञ टॉमस लुइस यांनी १९१८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अखेर १९४१ साली पॉल वुड या हृदयरोगतज्ज्ञानेच, या दुखण्याचे मूळ हृदयात नसून भीतीत आहे, असे साधार मांडले. दा कोस्टांचा प्रत्येक रुग्ण आजच्या अर्थाने पॅनिक डिसऑर्डरचाच होता असे मानणे चूक ठरेल. त्यांत ज्वराने आणि जुलाबाने खंगलेले सैनिकही होते. पण सत्तर वर्षे एक भीती हृदयविकाराच्या कप्प्यात राहिली, हे खरे.

मधल्या काळात फ्रॉइड यांनी दोन कप्प्यांमधली भिंत पाडण्याचा एक मोठा प्रयत्न केला. १८९५ च्या एका निबंधात त्यांनी 'न्यूरास्थेनिया' या त्या काळी सर्वसमावेशक झालेल्या निदानातून 'चिंतेचा मज्जाविकार' वेगळा काढला, आणि त्यात चिंतेच्या झटक्याचे वर्णन केले. त्यातले एक निरीक्षण आजही वाचण्यासारखे आहे. झटका आलेला रुग्ण पुष्कळदा भीतीचे नावच घेत नाही. तो हृदयाविषयी बोलतो, श्वासाविषयी, घामाविषयी बोलतो. भीती पार्श्वभूमीला सरकते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात त्यांनी असे सुचवले, की अ‍ॅगोराफोबियाच्या मुळाशी अनेकदा अशा एखाद्या झटक्याची आठवण असते, आणि जेथून सुटका नाही अशा ठिकाणी तो पुन्हा येईल याची रुग्णाला भीती वाटते. या एका वाक्यात चौक आणि हृदय यांची गाठ पडली होती. मात्र या झटक्याचे कारण फ्रॉइड यांनी अतृप्त लैंगिक ताणात शोधले आणि पुढची कित्येक दशके चर्चा त्या कारणाभोवती फिरत राहिली. निरीक्षण मागे पडले.

४

ते पुन्हा पुढे आले न्यूयॉर्कमधल्या हिलसाइड रुग्णालयात, आणि तेही काहीसे आडवळणाने. १९५९ च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ तेथे इमिप्रामीन हे नवे औषध निरनिराळ्या रुग्णांवर वापरून पाहत होते. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ मध्ये नैराश्यावर त्याचा गुण येतो असे दाखवले होते. क्लाइन यांच्यापुढे काही रुग्ण असे होते की जे एकाएकी घाबरेघुबरे होत आणि आपण मरतो आहोत अशा खात्रीने परिचारिकांच्या खोलीकडे धाव घेत. मनोविश्लेषणाने त्यांना गुण आलेला नव्हता, त्या वेळच्या शामक औषधांनीही नाही.

इमिप्रामीन सुरू करून काही आठवडे लोटले. रुग्णाला विचारले तर तो म्हणे, काही फरक नाही. त्याच्यावर उपचार करणारा मनोविश्लेषकही तेच सांगे. फरक पडला आहे असे म्हटले ते वॉर्डातल्या परिचारिकांनी. हा रुग्ण दिवसातून अनेकदा धावत यायचा, त्याचा हात धरून बसावे लागायचे. आता तो येत नाही, इतकीच त्यांची नोंद होती. रुग्णाला हे दाखवून दिले तेव्हा त्यालाही मान्य करावे लागले. झटके थांबले होते. पण 'झटका येईल' ही धास्ती तशीच होती आणि एकटे बाहेर पडणेही तसेच टळत होते. म्हणून त्याच्या लेखी काहीच बदललेले नव्हते.

यातून क्लाइन यांनी जे अनुमान काढले त्यावर आजचे निदान उभे आहे. १९६२ मध्ये मॅक्स फिंक यांच्यासह आणि १९६४ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखांतून त्यांनी असे मांडले, की एका औषधाने झटका जातो आणि धास्ती राहते, तेव्हा या दोन गोष्टी एकच नव्हेत. आधी अकारण झटका, मग त्याच्या पुनरागमनाची धास्ती, मग ज्या जागी तो येऊ शकेल त्या जागा टाळणे, असा क्रम त्यांनी लावला.

वेस्टफाल यांना रुग्णाच्या शब्दाने वाट दाखवली होती. येथे रुग्णाचा शब्द दिशाभूल करीत होता, आणि संहितेत जे आलेले नाही, म्हणजे न वाजलेली पावले, ते परिचारिकांनी वाचले. दोन्ही तऱ्हेचे वाचन लागते, हा या इतिहासाचा एक धडा.

५

त्यानंतरचा इतिहास निदान-पुस्तिकांचा आहे. त्याचा थोडक्यात परामर्श घेऊ. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या 'डीएसएम' या पुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'चिंतेचा मज्जाविकार' मोडीत निघाला आणि 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान प्रथम अवतरले. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत क्लाइन यांचा क्रम प्रबळ ठरून अ‍ॅगोराफोबिया बव्हंशी पॅनिकचा उपग्रह झाला. युरोपात मात्र चित्र उलटे होते. लंडनचे आयझॅक मार्क्स यांच्यासारखे संशोधक अ‍ॅगोराफोबियाला प्रमुख मानत आणि झटक्याला त्याचे लक्षण. १९९२ च्या 'आयसीडी-१०' या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हीच बाजू दिसते. म्हणजे तोच रुग्ण न्यूयॉर्कमध्ये एका आजाराचा आणि लंडनमध्ये दुसऱ्याचा ठरू शकत होता. २०१३ च्या 'डीएसएम-५' ने हा वाद दोन्ही निदाने स्वतंत्र करून मिटवला. दोन्ही असतील तर दोन्ही नोंदवायची. २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११' नेही हाच मार्ग धरला.

आज हे निदान कसे होते, हे वाचकांना ठाऊक असणे उपयोगाचे आहे. पॅनिकचा झटका म्हणजे काही मिनिटांत शिगेला पोचणारी तीव्र भीती. तिच्यासोबत १३ लक्षणांपैकी किमान ४ असावी लागतात : धडधड, घाम, कंप, धाप, गळा आवळल्यासारखे होणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, हुडहुडी किंवा उष्णतेची लाट, मुंग्या, भोवतालचे जग किंवा आपण स्वतः खरे नाही असे वाटणे, ताबा सुटेल अशी भीती, आणि मरणाची भीती. एखादा झटका म्हणजे आजार नव्हे. असे झटके अनपेक्षितपणे वारंवार यावे लागतात, आणि त्यांपैकी एकानंतर तरी महिनाभर किंवा अधिक काळ पुढच्या झटक्याची काळजी राहावी लागते किंवा वागणे बिघडावे लागते. शिवाय थायरॉईडचा विकार, हृदयाच्या लयीतील दोष, औषधांचा वा कॅफीनचा परिणाम ही कारणे आधी दूर सारायची असतात. अ‍ॅगोराफोबियासाठी पाच प्रसंग नमूद आहेत : सार्वजनिक वाहन, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटे असणे. यांपैकी किमान दोहोंची भीती, साधारण सहा महिने किंवा अधिक काळ, आणि ती प्रत्यक्ष धोक्याच्या तसेच सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाच्या मानाने अवाजवी, अशी अट आहे.

हाती एवढी काटेकोर यादी आली की ती पूर्वसूरींना लावून पाहण्याचा मोह होतो. अ‍ॅमर्स्टच्या घराबाहेर क्वचितच पडलेल्या एमिली डिकिन्सन यांना अ‍ॅगोराफोबिया होता असे प्रतिपादणारे पुस्तक १९८९ मध्ये निघाले. चार्ल्स डार्विन यांना पॅनिक डिसऑर्डर होता असा लेख १९९७ मध्ये एका मान्यवर अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. पण त्याच डार्विन यांच्या दुखण्याला इतरांनी चागास रोगापासून दुधातल्या साखरेच्या अपचनापर्यंत अनेक नावे दिली आहेत. मृतांना उलट प्रश्न विचारता येत नाही. आणि डिकिन्सन यांच्या घरात राहण्याला केवळ लक्षण मानले, की तो लेखनासाठी केलेला निवाडाही असू शकेल ही शक्यता आपण वाचकच मिटवून टाकतो. आमच्या विद्यार्थ्यांनी या वाटेला जाऊ नये. जिवंत माणसे पुरेशी आहेत.

६

'सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ' हे शब्द पुस्तिकेत सहज येऊन जातात. आमच्या मते सारी अडचण तेथेच आहे.

वेस्टफाल यांचे तिन्ही रुग्ण पुरुष होते, याकडे पुन्हा वळू. आज पाहणी केली की हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. १८७१ च्या बर्लिनमध्ये स्त्रिया या भीतीपासून मुक्त होत्या असे मानायला काही आधार नाही. फिरत्या व्यापाऱ्याला चौक एकट्याने ओलांडावाच लागे. तो अडला की अडणे दिसे. जिने एकटीने बाहेर पडावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, ती बाहेर पडली नाही तर कोणाच्या लक्षात येणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र इतके फिरले, की हा गृहिणींचा आजार समजला जाऊ लागला. रॉबर्ट सायडेनबर्ग आणि कॅरन डिक्रो यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहून, घराशीच लग्न लागलेल्या स्त्रियांचा हा मूक निषेध आहे अशी स्त्रीवादी मांडणी केली. ही मांडणी सर्वांना पटेलच असे नाही. पण तोवर स्त्रियांनी एकटे बाहेर पडणे अपेक्षित झाले होते, म्हणून त्यांचे न पडणे उठून दिसू लागले, एवढे तरी तिच्यातून घ्यावे.

आपल्याकडे 'सोबत' हा शब्द किती सोज्ज्वळ आहे! मुलीने सोबतीशिवाय जाऊ नये, बाजारात जाताना कोणाला तरी सोबत न्यावे, हे शिकवण्यात काळजी असते. पण सोबत मिळाली की भीती नाहीशी होते हेच तर वेस्टफाल यांनी टिपलेले ठळक लक्षण होते. ज्या समाजात सोबत ही रीत आहे, तेथे हे लक्षण रीतीत विरघळून जाते. उंबरठा न ओलांडणारी बाई आजारी ठरत नाही. ती घरंदाज ठरते.

शब्दांचेही असेच. छातीत दडपण आले, श्वास अडकला, की आपल्या घरांतून पहिले उद्गार 'गॅस झाला असेल' असे निघतात. यात हसण्यासारखे काही नाही. कंबोडियन लोकांमध्ये अशा झटक्याला 'ख्याल' म्हणतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे शरीरातला वारा वर चढून डोक्यात जातो, मान दुखते, कानात आवाज येतो. अमेरिकेतल्या कंबोडियन निर्वासितांवर डेव्हॉन हिंटन यांनी याविषयी विस्तृत काम केले आहे. 'डीएसएम-५' मध्ये अशा लक्षणांचा उल्लेख आहे, मात्र आवश्यक चारांत ती धरायची नाहीत असा दंडकही आहे. रुग्ण आपल्या भाषेत बोलतो आणि यादी दुसऱ्याच भाषेतली असते. मधले अंतर कोणी तरी चालून जावे लागते.

येथे आम्हाला स्वतःची एक चूक नोंदवावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. दाराजवळचा बाक तिने कधी सोडला नाही. मैत्रीण गैरहजर असली की तीही गैरहजर. जलद लोकल समोर उभी असली तरी ती धीमी गाडी पकडी, याची मुलींमध्ये थट्टा चाले. तोंडी परीक्षेला खोलीचे दार लावले तेव्हा ती पांढरीफटक पडली आणि उठून निघून गेली. आम्ही तिला 'भिडस्त' म्हटले आणि वर आपण किती समजूतदार, असे वाटून घेतले. घरी कौतुकच होते, की मुलगी एकटी कुठे जात नाही. दोनदा मध्यरात्री रुग्णालयात नेले होते. ईसीजी स्वच्छ आला आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असे सांगून परत पाठवले. पुढे नोकरीसाठी एकटीने प्रवास करणे अटळ झाले तेव्हा कोठे ती मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचली आणि पहिल्या भेटीतच निदान झाले. धीमी गाडी का, हे तिने नंतर सांगितले : ती प्रत्येक स्थानकावर थांबते, उतरता येते.

वेस्टफाल यांचा व्यापारी आणि ही मुलगी यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांचाही आजार दिसला तो एकट्याने जाणे भाग पडल्यावरच. दरम्यान आम्ही तिला दोन वर्षे आधुनिक कथेतल्या तुटलेपणाविषयी शिकवीत होतो.

'काही नाही' हे उत्तर वैद्यकदृष्ट्या अर्धे बरोबर असते. हृदयात काही नाही हे पाहणे आवश्यकच आहे, आणि छातीत दुखण्याकडे कोणीही भीती म्हणून दुर्लक्ष करू नये. पण हृदयात काही नाही याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये दाखवले, की शरीरातल्या साध्या खळबळीचा 'आता मरणार' असा अर्थ लावला जातो, त्याने भीती वाढते, भीतीने खळबळ वाढते, आणि हे चक्र काही मिनिटांत झटक्याला पोचते. हा चुकीचा अर्थ बदलायला शिकवणे आणि टाळलेल्या जागी थोडे थोडे करून पुन्हा जाणे, यांवर आजचे मानसोपचार उभे आहेत. गरजेप्रमाणे औषधेही आहेत. बहुतेकांना गुण येतो. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी तर १९६२ मध्येच, झटक्याशी झगडू नये, त्याला येऊन जाऊ द्यावे, असे सामान्य वाचकांसाठी लिहिले होते. तरुणपणी त्यांच्याच धडधडीला क्षय ठरवून डॉक्टरांनी चुकीचे निदान केले होते.

आम्ही शिक्षकांनी निदान करू नये. तो आमचा अधिकार नाही. परंतु दाराजवळचा बाक, धीमी गाडी, सोबत नसली की गैरहजेरी, या गोष्टी पाहण्याला पदवी लागत नाही. हिलसाइडच्या परिचारिकांपाशी कोणताही सिद्धान्त नव्हता. कोण किती वेळा येते आणि कोण यायचे थांबले, एवढेच त्या पाहत होत्या. असो. नव्या सत्राचे वर्ग भरू लागले आहेत. दाराजवळच्या बाकावर कोण बसते ते आम्ही या वेळी पाहणार आहोत, आणि तास संपल्यावर बोलायला बोलावणार आहोत. दार उघडे ठेवून.